काळी माती आणि मार्चअखेर

शंभर मिलिलीटरची दोन उभी मोजपात्रं घ्यायची. शेतातली काळी माती भट्टीत वाळवून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून प्रत्येकात १० ग्रॅम टाकायची. एकात रॉकेल ओतायचं, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर. काडीने ढवळून बुडबुडे काढायचे, पात्रं खिडकीत ठेवायची आणि घरी जाऊन झोपायचं. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, ती वेगळीच शोधमोहीम असते.

दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात शिरतात ती थेट खिडकीकडे. रॉकेलमधली माती तळाशी गुमान बसलेली असते. पाण्यातली मात्र भिजवलेल्या साबुदाण्यासारखी वर आलेली. समजा रॉकेलमध्ये ती १२ मिलिलीटरच्या खुणेवर आहे आणि पाण्यात २३ च्या. फरक ११, त्याला १२ ने भागायचं, म्हणजे फुगवटा जवळपास ९२ टक्के. भारतीय मानकांत या चाचणीला ‘फ्री स्वेल इंडेक्स’ म्हणतात. आकडा ५० च्या वर गेला की त्या जमिनीवर घर, रस्ता किंवा पाटचारी बांधताना सांभाळून, एवढं पक्कं धरायचं.

रॉकेलमध्ये फुगत नाही ती पाण्यात का फुगते? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्या बेसाल्टची झीज होऊन जी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, फक्त एकेक पत्ता साधारण एक नॅनोमीटर जाडीचा. पत्त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो आणि तो भागवायला सोडियम-कॅल्शियमचे आयन मधल्या फटीत बसलेले असतात. पाण्याच्या रेणूला एक धन आणि एक ऋण टोक असतं, म्हणून ते त्या आयनांकडे ओढलं जातं, फटीत घुसतं आणि पत्ते एकमेकांपासून दूर सारतं. रॉकेलच्या रेणूला अशी टोकंच नाहीत. ते बाहेरच थांबतं.

हे पत्ते सुटे करून पसरले तर जागा किती लागेल? शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमला ८०० चौरस मीटरपर्यंत. म्हणजे १० ग्रॅमचे ८,००० चौरस मीटर, जवळपास दोन एकर. आपली माती काही शुद्ध खनिज नसते, त्यामुळे एवढं होत नाही. तरी मूठभर मातीत वावरभर पृष्ठभाग दडलेला असतो हे ऐकलं की शेतकऱ्याची पोरं हमखास मान वर करतात.

आमचं घर अमळनेरकडचं. न्हाणीघराच्या भिंतीला दर एप्रिलमध्ये भेग पडायची, पोस्टकार्ड सरळ आत जाईल एवढी. गणपतीपर्यंत ती मिटायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच भिंती असं करत असतील. इंजिनिअर होऊन मोठ्या ऐटीत मी गवंडीबाबांना सांगायला गेलो की सिमेंट कमी पडलंय. ते बिडी विझवत म्हणाले, “भाऊ, हाई काळी जमीन शे. हाई फुगस बी आनि आखडस बी. सिमिट काय करी?” चार वर्षांच्या पदवीत मला जे शिकवलं होतं, ते त्यांनी तीन वाक्यांत संपवलं.

यावरचा उपाय मात्र गवंड्याच्या आवाक्यातला नव्हता. तो सरकारी पैशातून आला. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सीबीआरआयमध्ये, दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून काळ्या मातीतल्या इमारतींच्या पायांवर काम केलं. ऋतूंबरोबर होणारा ओलावा-कोरडेपणाचा खेळ वरच्या काही मीटरमध्ये चालतो, साधारण साडेतीन मीटरखाली माती बऱ्यापैकी स्थिर असते. मग घराचं वजन तिथेच का टेकवू नये? जमिनीत गिरमिटाने भोक पाडायचं, तळाशी ते खोडाच्या साधारण अडीचपट रुंद करायचं आणि काँक्रीट भरायचं. कांद्याच्या पातीला खाली कांदा असावा तसा हा ‘अंडर-रीम्ड पाइल’. वरची माती फुगून खोड वर ओढू लागली तर खालचा कांदा त्याला धरून ठेवतो. आणि भिंतीखालची तुळई जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर अधांतरी ठेवायची, म्हणजे मातीला फुगायला मोकळी जागा राहते. त्या ८० मिलिमीटरचं मला फार कौतुक वाटतं. मातीशी भांडायचं नाही, तिला तिची जागा देऊन टाकायची.

तसंच काम पवईच्या आयआयटीत आर. के. कट्टी यांनी केलं. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांची अस्तरं फुगवट्याने उचकटायची. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, बऱ्याचदा योग्य मुरमाचा, जाड थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा वर येत नाही, हे कट्टींनी प्रयोगांनी दाखवलं. ‘सीएनएस लेयर’, म्हणजे ‘कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग’ थर, या नावाने ती पद्धत पुढे भारतीय मानकात गेली.

या दोन्ही कामांत एक गोष्ट सारखी आहे: त्यांना वर्षानुवर्षं लागली. मातीला घाई करता येत नाही. ती मे महिन्यात सर्वांत कोरडी, सप्टेंबरात सर्वांत ओली. एक निरीक्षण पुरं व्हायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागतो, आणि एका वर्षाच्या आकड्यावर कुणी शहाणा माणूस भरवसा ठेवत नाही. एक साल तुटीचं निघतं, एक साल अतिवृष्टीचं.

संशोधन प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आमचा एक छोटा प्रकल्प होता, रस्त्याखालच्या काळ्या मातीत चुना आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख मिसळून पाहायचा. मंजुरीचं पत्र पावसाळा उलटल्यावर आलं. मदतनीस नेमेपर्यंत जानेवारी उजाडला. उपकरणाची निविदा एकदा एकच बोली आली म्हणून रद्द झाली. तेवढ्यात मार्चअखेर आली, आणि खर्च न झालेल्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, आमच्या भाषेत ‘यूसी’, भरत बसलो. पुढचा हप्ता आला तेव्हा दुसरा पावसाळा निम्मा सरला होता. तीन वर्षांत आम्हाला मातीचं धड एकच वर्ष मिळालं. यात कुणी बदमाशी केली नव्हती. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपला नियम चोख पाळला होता.

जून २०२५ मध्ये केंद्राने खरेदीचे काही नियम सैल केले. वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना गरज पडल्यास जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर उपकरणं घेण्याची मुभा मिळाली आणि विनाकोटेशन खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली. उशिरा का होईना, बरं झालं.

आता पैशाचं मोठं चित्र. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च १,२७,३८१ कोटी रुपये होता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. इस्रायल आणि दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या वर आहेत. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक विभागांच्या खर्चात संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा यांचाच वाटा निम्म्याहून जास्त. तिथे मेकॅनिकलचं कामही भरपूर होतं, रॉकेटचं इंजिन काय हवेत बनत नाही. पण गावच्या रस्त्याखालची माती त्या यादीत कुठेतरी तळाशी असते.

जे अनुदान स्पर्धेतून मिळतं तेही फार पसरत नाही. सर्ब, म्हणजे २००८ च्या कायद्याने झालेलं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ. त्याचा सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींकडे आणि जेमतेम ११ टक्के राज्य विद्यापीठांकडे जातो, असं २०२३ मध्ये सरकारकडूनच सांगण्यात आलं. त्याच वर्षी नवा कायदा झाला. सर्बच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून ते अमलात आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज, त्यातले १४,००० कोटी केंद्राचे, बाकीचे उद्योग आणि देणगीदारांकडून अपेक्षित. मोठ्या संस्थेने केंद्र व्हायचं आणि आसपासच्या विद्यापीठांना आऱ्यांसारखं जोडून घ्यायचं, अशीही एक योजना या फाउंडेशनने आणली आहे. जळगावच्या विद्यापीठासारख्या ठिकाणी तिचा उपयोग होईल का, हे आऱ्याला नुसतं नाव मिळतं की यंत्रही मिळतं, यावर ठरेल.

जुलै २०२५ मध्ये १ लाख कोटींचा आणखी एक संशोधन-विकास निधी मंजूर झाला. तो मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी, कमी किंवा शून्य व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या रूपात, आणि प्रयोगशाळेच्या बाहेर पडू पाहणाऱ्या तंत्रांसाठी. कल्पना चांगली आहे. पण बॅटरी किंवा पंप बनवणारा कर्ज फेडू शकतो, कारण तो माल विकतो. चुना मिसळलेली माती पाच पावसाळे टिकते हे सिद्ध करून कोण काय विकणार? फायदा होईल तो रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा, थोडा थोडा. असल्या संशोधनाला कर्ज नको, अनुदानच लागतं. आणि अनुदान हवं असतं नेमकं मधल्या टप्प्याला. प्रयोगशाळेत नमुना चार दिवस पाण्यात बुडवून सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद, काढेपर्यंत सगळे उत्साहात असतात. त्यानंतर खऱ्या रस्त्यावर पट्टा टाकायचा म्हटलं की शांतता. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराच्या गळ्यात असते, तो कशाला नवा प्रयोग अंगावर घेईल? शाखा अभियंता दरसूची उघडतो, सवयीचा मुरूम लिहितो आणि मोकळा होतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

पैसा उभा करायचा दुसरा मार्ग खानदेशाने पाहिलेला आहे. १९२३ मध्ये इंग्रज सरकारने कापूस उपकर कायदा केला. कापसाच्या प्रत्येक गाठीमागे थोडी रक्कम कापायची आणि ती फक्त कापसाच्या संशोधनाला द्यायची. त्या पैशातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा सुरू झाली, तीच आजची सिरकॉट, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. आपल्याकडच्या जिनांमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांमधून, निघालेल्या गाठींचाही त्यात वाटा होता. डबल रोलर जिनजवळ उभं राहून पाहा. चामड्याच्या चकत्यांचा रोलर रुई ओढतो, स्थिर पातं सरकीला अडवतं आणि हलतं पातं तिला खाली ढकलतं. क्रोमियमने कमावलेल्या चामड्याचा हा रोलर झिजतो तशी त्याची धूळ रुईत आणि कामगारांच्या छातीत जाते. सिरकॉटने क्रोमविरहित रोलरवर काम केलं. ज्या मालावर कर, त्याच मालाच्या यंत्रावर संशोधन. डोळ्याला दिसणारा हिशेब होता तो.

आमचा प्रकल्प कागदोपत्री संपून बराच काळ झाला. कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळ टाकलेले तीन पट्टे अजून आहेत: एक मुरमाचा, एक चुन्याचा, एक चुना आणि राखेचा. राख एकटी पुरत नाही, कारण तिच्यात चुना कमी असतो. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या त्या पत्त्यांमधल्या सोडियमची जागा घेतं, पत्ते गुच्छ करून बसतात, आणि राखेतल्या सिलिकाबरोबर चुन्याची सावकाश सिमेंटसारखी प्रक्रिया होत राहते. सावकाश म्हणजे किती, हेच तर मोजायचं होतं.

प्रत्येक पट्ट्यात खिळे ठोकलेले आहेत. महिन्यातून एकदा डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून आम्ही त्यांची उंची घेतो. पैसे नाहीत, पण लेव्हल कॉलेजची आहे आणि रविवार आमचा. परवा ऊन चढायच्या आत तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा बरोबर आला. स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरलेला त्याचा मित्र विचारत होता, “सर, प्रोजेक्ट तर संपला ना?”

“संपला. स्टाफ सरळ धर.”

“एक पॉइंट तीन चार पाच,” दुर्बिणीला डोळा लावून पोरगा ओरडला. मी वहीत लिहिलं आणि पुढच्या खिळ्याकडे बोट केलं.