मुलांमधील स्ट्रेप्टोकॉकस संसर्ग आणि दाहाची तीव्रता : पार्श्वभूमी

घसा धरतो, दोन दिवस ताप येतो आणि मूल पुन्हा खेळायला लागते, हा बहुतेक घरांतला अनुभव आहे. पण त्याच जंतूमुळे एखाद्या मुलाच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात, तर क्वचित एखादे मूल काही तासांत अत्यवस्थ होते. या फरकाचे कारण प्रारंभी केवळ जंतूमध्ये शोधले गेले. १८७४ मध्ये थिओडोर बिलरोथ यांनी चिघळलेल्या जखमांत साखळीने राहणारे गोल जंतू पाहून त्यांना स्ट्रेप्टोकॉकस म्हटले, आणि १९२० च्या दशकात जॉर्ज व ग्लॅडिस डिक या दांपत्याने लोहितांग ज्वरातील (स्कार्लेट फीव्हर) पुरळ जंतूच्या विषामुळे उठते, हे दाखवले.

हृदयाच्या झडपा खराब करणाऱ्या संधिवाताच्या तापाचे (ऱ्हुमॅटिक फीव्हर) कोडे मात्र त्याने सुटेना, कारण हा ताप घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येई आणि सुजलेल्या सांध्यांत जंतू सापडत नसे. जंतुशास्त्रज्ञ रिबेका लान्सफिल्ड यांनी जंतूच्या पृष्ठभागावरील एम प्रथिनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे असे दिसून आले की, या प्रथिनाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) त्याच्याशी साम्य असलेल्या हृदयातील प्रथिनांवरही हल्ला करतात. म्हणजे हानी जंतू गेल्यानंतर, शरीराच्याच संरक्षणातून होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणाऱ्या विषजन्य आघाताची (टॉक्सिक शॉक) वर्णने प्रसिद्ध झाली, आणि त्याच सुमारास 'सुपरअँटिजेन' ही संकल्पना पुढे आली. सामान्य प्रतिजन, म्हणजे शरीर परके म्हणून ओळखते ते द्रव्य, टी पेशी या संरक्षक पांढऱ्या पेशींपैकी अगदी थोड्यांनाच जागे करतो, तर सुपरअँटिजेन असलेले जंतूचे विष त्यांतील वीस टक्क्यांपर्यंत पेशी एकदम चेतवू शकते. त्यातून दाह वाढवणाऱ्या सायटोकाइन द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब कोसळतो आणि अवयव निकामी होऊ लागतात. संशोधिका मलाक कोत्ब यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवून दिले की, रुग्णाच्या एचएलए जनुकांवर (टी पेशींपुढे प्रतिजन मांडणाऱ्या प्रथिनांची जनुके) या दाहाची तीव्रता बऱ्याच अंशी अवलंबून असते, आणि म्हणूनच एकाच जातीच्या जंतूने बाधित झालेल्या दोन रुग्णांची स्थिती अगदी भिन्न असू शकते. तालुक्याच्या दवाखान्यातही आज ज्या सीआरपी तपासणीवरून दाहाचा अंदाज बांधतात, ते प्रथिनही १९३० मध्ये याच कुळातील न्यूमोकॉकसच्या अभ्यासातून सापडले होते.

प्रतिकारशक्तीच्या या दुहेरी स्वभावामुळे लसीचे काम रखडले. १९६० च्या दशकातील एका चाचणीत लस दिलेल्या काही मुलांना संधिवाताचा ताप आल्याचे आढळले, अमेरिकेत १९७९ मध्ये अशा लसींवर निर्बंध आले आणि ते २००६ मध्ये उठले. वापरासाठी मान्यता मिळालेली लस अजूनही नाही.

त्यामुळे मराठवाड्यात हा प्रश्न पेनिसिलिनवरच येऊन थांबतो. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार झाले, तर संधिवाताचा ताप बहुधा टळतो. तो एकदा येऊन गेलेल्या मुलाला मात्र दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात तेव्हा मुलेही सोबत जातात, दाटीवाटीच्या कोपीत एकाचा घसा दुसऱ्याला लागण्यास वेळ लागत नाही, आणि गावच्या आरोग्य केंद्रात चाललेली इंजेक्शने नेमकी त्याच महिन्यांत चुकण्याचा धोका असतो. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गाठेपर्यंत झडप आकसली असेल, तर हृदयाची हानी औषधाने भरून निघत नाही. म्हणूनच इंजेक्शनच्या तारखांचे कार्ड मुलाबरोबर फडावर जाणे आणि तिथल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते पाहून पुढचा डोस दिला जाणे, ही अत्यंत निकडीची गरज आहे.