पैसे भरूनही गाणे नाहीसे का होते : पार्श्वभूमी

संगीताच्या अ‍ॅपवर जपून ठेवलेल्या यादीतील एखादे गाणे एके दिवशी फिकट दिसू लागते. नाव तेच असते, चित्रही तेच असते, पण बोट ठेवले तरी ते वाजत नाही. वर्गणी चालू असते आणि त्या महिन्याचे पैसेही खात्यातून वळते झालेले असतात. गाणे का गेले, ते परत येणार का आणि आलेच तर कधी, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. नागपुरातल्या अनेक घरांना आता परिचित झालेला हा अनुभव तांत्रिक बिघाडातून आलेला नाही. त्यामागे सुमारे पंधरा वर्षांचे व्यवहार आणि न्यायालयीन वाद आहेत, आणि त्या व्यवहारांत ऐकणाऱ्याला पक्षकार म्हणून कधीच स्थान मिळालेले नाही.

या शहरात १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. रेडिओवरचे गाणे ऐकायचे असते, जवळ ठेवायचे नसते, हे श्रोत्याला ठाऊक होते आणि त्यात फसवणूक नव्हती. जवळ ठेवायचे गाणे तो बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारातल्या दुकानातून तबकडी किंवा कॅसेट विकत घेऊन आणत असे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटही विकल्या जात आणि दूरदूरहून आलेली माणसे त्या गावी घेऊन जात. पुढे कॅसेटची जागा सीडीने घेतली आणि त्यानंतर मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची रीत पडली. ही शेवटची रीत कायद्यात बसणारी नव्हती. तरीही एक गोष्ट या सगळ्यांत समान होती : विकणारा धंदा बंद करून गेला तरी घेणाऱ्याच्या घरातले गाणे वाजत राही. गाण्याच्या बाबतीत ग्राहकाचा विश्वास या अनुभवावर उभा राहिलेला होता.

इंटरनेटवरील विक्रीत या विश्वासाला पहिला मोठा तडा अमेरिकेत गेला. मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिक या दुकानातून विकलेल्या गाण्यांना डिजिटल कुलूप होते आणि नव्या संगणकावर ते उघडण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागे. २००८ मध्ये कंपनीने हे सर्व्हर बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा पूर्ण किंमत मोजून घेतलेली गाणी नव्या संगणकावर निरुपयोगी ठरणार हे ग्राहकांच्या लक्षात आले. मोठी ओरड झाल्यावर ही मुदत वाढवण्यात आली. भारतातला अनुभव वेगळा होता. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू केलेले फ्लाइट हे गाण्यांचे दुकान जून २०१३ मध्ये बंद पडले, पण तेथील एमपीथ्री फाइलींना कुलूप नव्हते आणि ज्यांनी त्या उतरवून घेतल्या होत्या त्यांच्याकडे त्या राहिल्या. दुकान बुडाले तरी ग्राहक बुडाला नाही, असे झालेले हे बहुधा आपल्याकडचे शेवटचे ठळक उदाहरण असावे.

त्यानंतर वर्गणीची पद्धत रुळली. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आले, तेव्हा त्याची मासिक वर्गणी ११९ रुपये होती. अशा सेवेत 'डाउनलोड' केलेले गाणे फोनमध्ये असले तरी ते त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाही, आणि ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटशी जोडणी झाली नाही तर तेही हातचे जाते. ग्राहकाला मिळते ती केवळ ऐकण्याची परवानगी. ती किती काळ टिकणार हे ध्वनिमुद्रणाची मालक कंपनी आणि अ‍ॅप यांच्यातील करारावर ठरते. शिवाय एकाच गाण्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आणि शब्द व चाल यांचे हक्क वेगळे असल्यामुळे हे करारही एकाहून अधिक असतात. त्यांपैकी एक जरी मोडला तरी गाणे थांबते.

भारतात हे करार किती नाजूक आहेत, हे टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे संगीताचे अ‍ॅप यांच्या खटल्यात स्पष्ट झाले. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१-ड घालण्यात आले आणि ठरवून दिलेले स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून प्रसारण संस्थांना गाणी वाजवण्याची मुभा मिळाली. मालकाची वेगळी संमती त्यासाठी लागत नाही. ही मुभा इंटरनेटवरील प्रसारणालाही आहे, असे केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने २०१६ मध्ये एका ज्ञापनात म्हटले होते. टिप्सबरोबरचा करार संपून नव्या दराची बोलणी फिसकटल्यावर एअरटेलच्या विंकने याच कलमाचा आधार घेतला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतेच आहे, मागणीनुसार गाणी ऐकवणाऱ्या सेवांना ते लागू नाही आणि सरकारी ज्ञापन न्यायालयावर बंधनकारक नाही, असा तो निकाल होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तो कायम केला.

मालकाच्या बाजूने पाहिले तर हा निकाल न्याय्य आहे, कारण आपल्या मालाची किंमत ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे. मात्र त्याचा परिणाम असा झाला की बोलणी फिसकटताच गाणी काढून घेणे हे दर वाढवून घेण्याचे सर्वांत हुकमी साधन ठरले आणि त्याची झळ वर्गणीदाराला बसू लागली. एप्रिल २०१९ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयातील वादानंतर सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून उतरली आणि जून २०२० मध्ये करार झाल्यावर परतली. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी, अर्थात जुनी भावगीते आणि नाट्यपदे यांचा फार मोठा साठा. एका पिढीचे संगीत वर्षभराहून अधिक काळ त्या अ‍ॅपवर नव्हते. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकचा करार संपल्यावर त्या कंपनीची गाणीही याच प्रकारे गेली आणि पुढे नवा करार झाल्यावर आली. याच सारेगामाने २०१७ मध्ये ५,००० गाणी आत भरलेला कारवां हा संच बाजारात आणला होता. त्या गाण्यांना ना इंटरनेट लागे ना वर्गणी, आणि नव्या काळातही लोकांनी त्याला भरघोस प्रतिसाद दिला. गाणे आपल्याकडेच राहील ही खात्री ग्राहकाला किती मोलाची वाटते, हे यातून दिसते.

काही वेळा एखादे गाणे जात नाही, सेवाच जाते. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झाले, रेसो हे संगीताचे अ‍ॅप जानेवारी २०२४ अखेर भारतात थांबले आणि त्याच वर्षी विंकनेही गाशा गुंडाळला. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या दुसरीकडे नेण्याची सोय काही ठिकाणी मिळाली, काही ठिकाणी नाही.

मालक आणि अ‍ॅप यांचे भांडण होणे समजण्यासारखे आहे. पण करार कधी संपणार ही तारीख दोघांनाही आधीपासून ठाऊक असते आणि वर्गणीदाराला ती सांगितली जात नाही, ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून निदान एवढे केले आहे की, परत घेता येणारी परवानगी देऊन ती 'खरेदी' म्हणून विकणाऱ्याने तसे ठळकपणे सांगितले पाहिजे. वर्गणीच्या सेवांना मात्र तोही नियम लागू नाही.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संकल्पना आणली. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट तिच्यात मोडते. 'कोणतेही गाणे केव्हाही काढले जाऊ शकते' ही अटही याच कसोटीवर तपासली जावी, असे माझे मत आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते आणि त्याचे खंडपीठ नागपुरातच आहे. सेवेतील साध्या त्रुटीसाठी मात्र जिल्हा आयोग पुरतो. दोन्हीकडे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वर्गणी भरल्याची पावती आणि फिकट पडलेल्या यादीचे तारखेसह स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवलेले हवेत.