ग्रामपंचायत कार्यालयावर सोलर बसवायचंय? पोर्टल उघडण्याआधी वीजबिल वाचा

सोलरचा अर्ज परत आला की सरपंच सोलर बसवणाऱ्या एजन्सीला धरतात आणि एजन्सी महावितरणकडे बोट दाखवते. फाइल उघडून पाहिली की कळतं, घोळ वीजबिलातच होता आणि तो अर्ज भरायच्या आधीपासून होता. जालना असो की हिंगोली, लातूर असो की धाराशिव, अर्ज अडकण्याची कारणं तीच ती आहेत. म्हणून ही माहिती ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि संगणक परिचालक यांच्यासाठी. जिथे लोक अडकतात तिथे जरा जास्त थांबलो आहे.

पहिली चूक पोर्टलची. 'पीएम सूर्यघर' योजनेची जाहिरात गावोगाव झाली, तेव्हा कार्यालयासाठीही तिथेच अर्ज टाकला जातो. ही योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली ती घरगुती ग्राहकांसाठी. 3 किलोवॅट आणि त्यापुढे मिळणारं 78,000 रुपयांचं अनुदान घरांना आहे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला नाही. काही ठिकाणी याच्यावर 'तोडगा' म्हणून एखाद्या सदस्याच्या घरच्या मीटरवर अर्ज करतात आणि पॅनेल मात्र कार्यालयावर लावायचं ठरवतात. कृपा करून असं करू नका. ऑडिटला याचं उत्तर देता येत नाही, आणि पुढे ते पॅनेल नेमकं कुणाचं यावरून गावात भांडण लागतं ते वेगळंच. पंचायतीला या योजनेतून काही मिळतं ते दुसऱ्या वाटेनं: गावात योजनेखाली सोलर बसलेल्या प्रत्येक घरामागे 1,000 रुपये प्रोत्साहन, आणि 5,000 च्या वर लोकसंख्या असलेल्या गावांच्या स्पर्धेत जिल्ह्यातून आदर्श सौरग्राम म्हणून निवड झाली तर 1 कोटी. कार्यालयाच्या छतासाठी पैसे स्वनिधी, जिल्हा नियोजन समिती किंवा सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी) अशा मार्गानं उभे करायचे आणि महावितरणकडे नेट मीटरिंगचा, म्हणजे पॅनेलची जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचा, अर्ज करायचा.

आता बिल हातात घ्या. सगळ्यात वर ग्राहकाचं नाव आहे ते बघा. तिथे 'ग्रामपंचायत कार्यालय' असेल तर तुम्ही नशीबवान. अनेक जुन्या बिलांवर कधीकाळच्या सरपंचाचं नाव असतं. काही ठिकाणी तर इमारत ज्यानं बांधली त्या गुत्तेदाराचं, कारण बांधकामासाठी घेतलेलं कनेक्शनच पुढे चालू राहिलेलं असतं. अर्ज ग्रामपंचायतीच्या नावानं आणि बिल दुसऱ्याच्या नावानं, की फाइल परत. त्यामुळे आधी नावबदल करून घ्या. बदललेलं नाव पुढच्या बिलावर छापून आलं की मगच सोलरचा अर्ज करा. 'दोन्ही बरोबरच देऊन टाकू' हा सल्ला काउंटरवरही मिळतो. ऐकू नका.

मग थकबाकीचा रकाना बघा. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याच्या बिलांचा बोजा मराठवाड्यातल्या पंचायतींना नवा नाही. पण पथदिव्यांचं, विहिरीवरच्या मोटारीचं आणि कार्यालयाचं कनेक्शन ही वेगवेगळी असतात, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक वेगळा. कार्यालयाच्या क्रमांकावर बाकी शून्य आणा आणि भरल्याची पावती जोडा. उपविभागात कुणी पाणीपुरवठ्याच्या थकबाकीवरून अर्ज परत करत असेल तर नकाराचं कारण ग्राहक क्रमांकासह लेखी मागा. तोंडी नकाराला वजन नसतं, आणि पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचात जायचं झालं तर हाच कागद लागतो.

इथेच आणखी एक गैरसमज. कार्यालयावर पॅनेल लावलं की पथदिव्यांचंही बिल कमी होईल, असं ग्रामसभेत सांगितलं जातं. साध्या नेट मीटरिंगमध्ये ज्या मीटरला पॅनेल जोडलं त्याच मीटरचं बिल कमी होतं. ग्रामसभेत खोटी आशा लावू नका.

तिसरा रकाना मंजूर भार, म्हणजे या कनेक्शनला एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वापरायला मंजुरी आहे तो आकडा. वीज नियामक आयोगाच्या नियमानुसार पॅनेलची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. कार्यालयाचा भार 1 किलोवॅट किंवा त्याहूनही कमी असतो आणि एजन्सी 5 किलोवॅटचं अंदाजपत्रक घेऊन आलेली असते. केंद्राच्या फेब्रुवारी 2024 च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांत याची सोय आहे: 10 किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर झाला असं धरायचं आणि लागणारी भारवाढ वितरण कंपनीनं करायची. तरीही भारवाढीचा वेगळा अर्ज मागणारे भेटतात. तेव्हा नियमाची प्रत सोबत ठेवा. वाद घालण्यात महिना जाणार असं दिसलं, तर भारवाढीचा अर्ज देऊन मोकळे व्हा. तत्त्व तुमच्या बाजूचं असलं तरी मार्चअखेर कुणासाठी थांबत नाही.

मुळात 5 किलोवॅट लागतात का, हेही बघा. आपल्या भागात 1 किलोवॅटमधून दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात आणि त्याला शंभरेक चौरस फूट सावलीविना जागा लागते. दोन संगणक, एक प्रिंटर, पाच-सहा पंखे आणि दिवे एवढंच कार्यालय असेल तर 2 किलोवॅट पुरतात. पॅनेलची क्षमता ठरवण्याआधी जुने 75 वॅटचे पंखे काढून 30 वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे लावले तर आणखी कमीत भागतं. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात अग्नी या तत्त्वाखाली ऊर्जाबचत आणि सौरऊर्जा दोन्ही धरतात, त्यामुळे पंख्यांच्या नोंदीही जपून ठेवा. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, शिवाय राख वेगळी. परळीच्या औष्णिक केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना ती राख समजावून सांगायची गरज नाही.

मुदतीबद्दल. 10 किलोवॅटच्या वरच्या अर्जाची तांत्रिक तपासणी 15 दिवसांत, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यावर यंत्रणा 15 दिवसांत सुरू, असा नियम आहे. लोक हे दिवस अर्ज टाकल्याच्या तारखेपासून मोजतात आणि सोळाव्या दिवशी भांडायला जातात. तपासणीच्या दिवसांची मोजणी परिपूर्ण अर्जापासून होते. एक कागद कमी असला तर घड्याळ चालूच झालेलं नसतं, आणि ही त्रुटी कळवणारा संदेश जातो एजन्सीनं अर्जात टाकलेल्या मोबाइलवर. अर्जात कार्यालयाचाच मोबाइल आणि ईमेल टाका.

कागदांमध्ये चालू बिल, छताचे फोटो, एजन्सीची आणि साहित्याची कागदपत्रं, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र हे नेहमीचं. अडतं ते मालकीवर. ग्रामपंचायतीच्या इमारतीला सातबारा शोधत बसणारे बरेच आहेत. गावठाणातल्या जागेला तो कुठून मिळणार? नमुना 22, म्हणजे स्थावर मालमत्ता नोंदवहीचा उतारा काढा. नवीन इमारत बांधून उद्घाटन झालं, पण नमुना 22 ला नोंदच नाही, असंही निघतं. मग आधी ती नोंद घ्या.

ठराव नीट लिहा. 'सौरऊर्जा बसवणेबाबत चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' एवढ्यावर काम भागत नाही. ग्राहक क्रमांक, किती किलोवॅट, पैसा कुठल्या निधीतून, महावितरणशी करार करण्याचा अधिकार कुणाला, आणि सूचक-अनुमोदक, हे सगळं त्यात हवं. शिक्काही तपासा. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं, पण शिक्के अजून जुनेच फिरतात. ठरावावर एक पदनाम आणि करारावर दुसरं दिसलं की बाबूला हातात आयतं कारण मिळतं.

तलाठी कार्यालय, दवाखाना किंवा शाळा असेल तर इमारत ज्या विभागाची त्याचं ना-हरकत पत्र लागेल. भाड्याच्या जागेत घरमालकाची लेखी संमती. गळकं छत किंवा जुनी इमारत असेल तर बांधकाम उपविभागाकडून छत भार पेलेल असा दाखला आधीच घ्या. तो मिळायला वेळ लागतो.

खर्च आराखड्यात धरणं, तांत्रिक मान्यता, खरेदी हे इतर कामांसारखंच. फक्त अंदाजपत्रकावर सही करण्याआधी एक प्रश्न विचारा: लाइट गेली की हे चालेल का? साधी ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, जोडलेली यंत्रणा वीज जाताच बंद पडते, भर दुपारी, कडक ऊन असतानाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते, हा बिघाड नव्हे. ज्या गावात दिवसा तासन् तास वीज नसते तिथे दाखले द्यायचे तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागेल. तिचा खर्च सुरुवातीलाच धरा, नंतर सुधारित अंदाजपत्रकाच्या मागे धावावं लागतं.

मीटर बसला त्या दिवशी आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (महावितरणला दिलेली वीज) दोन्ही आकड्यांचा तारखेसह फोटो काढून ठेवा. पहिल्या बिलात निर्यातीचा आकडा शून्य आला तर बहुधा मीटरबदलाची नोंद बिलिंगला पोहोचलेली नसते. फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हिशेब आर्थिक वर्षाचा असतो, त्यामुळे चूक मार्चच्या आत दुरुस्त व्हायला हवी. पॅनेल धुवायला बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि वीज कमी मिळते. सकाळी, काच थंड असताना, साध्या नळाच्या पाण्यानं धुवा किंवा ओल्या फडक्यानं पुसा, आणि हे काम कोणत्या कर्मचाऱ्याचं ते त्याच ठरावात लिहून टाका.