निवासी डॉक्टरांच्या ड्यूटीचे तास : नियमांची पार्श्वभूमी

बेळगावातील शिक्षण रुग्णालयांत खानापूर, निपाणीबरोबर हद्दीपलीकडच्या चंदगडचेही रुग्ण येतात, आणि अपरात्री त्यांना आधी तपासतो तो बहुधा पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर. त्याने सलग किती तास काम करावे, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जून १९९२ च्या पत्रात लिहिलेले आहे.

या तासांवरून चालणाऱ्या वादाचे मूळ याच पत्रात आहे. सलग प्रत्यक्ष काम साधारणपणे १२ तासांपेक्षा अधिक नसावे आणि आठवड्याला ४८ तास असावेत, असे त्यात म्हटले आहे. पण 'ऑन कॉल', म्हणजे बोलावताच हजर होण्याच्या, ड्यूटीसाठी १२ तासांची वेगळी मर्यादा घातली आहे, आणि कामाचा भार व उपलब्ध डॉक्टर पाहून वेळा ठरवण्याची मुभा वैद्यकीय अधीक्षकांना दिली आहे. डॉक्टर कमी पडणे ही जिथे रोजचीच स्थिती, तिथे ही मुभाच नियम होऊन बसली. सकाळची ओपीडी, रात्रीचा कॉल आणि दुसऱ्या दिवशीचा राउंड असे जोडत गेले की ३६ तास सहज भरतात, आणि तेव्हा हा डॉक्टर औषधाची मात्रा लिहीत असतो. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत झालेल्या २००४ च्या अभ्यासात, २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्या असताना इंटर्नकडून ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे दिसले होते.

पाळ्या आखूड केल्या की हँडओव्हर, म्हणजे रुग्ण पुढच्या पाळीच्या डॉक्टरकडे सोपवणे, वाढतात आणि त्यात माहिती गळते, हा आक्षेप सीमाभागात अधिक खरा ठरतो. नातेवाइकाने मराठीत सांगितलेली हकिगत केसपेपरवर इंग्रजीत दोन ओळींची होते, आणि पुढच्या पाळीच्या डॉक्टरला मराठी येत असेलच असे नाही. तरीही त्यावर उपाय हँडओव्हरला पुरेसा वेळ देणे हाच आहे. जागरण लांबवणे हा नव्हे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढेच आले, आकडा आला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्यातील प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या हत्येनंतर ३६ तासांच्या पाळ्यांची चर्चा देशभर झाली. त्याच महिन्यात पुढे आलेल्या, या आयोगाच्या एका कृती दलाच्या अहवालाने आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले : एक २४ तासांची ड्यूटी, पाच दिवस प्रत्येकी १० तास आणि एक सुट्टी. ही शिफारस आहे, बंधन नाही, आणि तिच्यातला आकडा १९९२ च्या ४८ तासांहून २६ ने मोठा आहे.