पंधरा किलो पेट्रोल, तीनशे किलो बॅटरी

घरी बांधलेल्या विमानाच्या नाकातलं इंजिन उतरवून तिथे विजेची मोटर बसवणं, हातात कसब असलेल्या माणसाला फार जड जात नाही. अशा कित्येक विमानांत मुळात फोक्सवॅगन बीटल गाडीचंच इंजिन थोडे फेरफार करून लावलेलं असतं. ते निघालं की कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, एक्झॉस्ट, तेलाचे ओघळ, सगळंच जातं. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी हलकी असते. तिचा फिरणारा भाग जवळजवळ एकच, आणि वर हवा विरळ झाली म्हणून तिची ताकद घटत नाही. इथपर्यंत झकास. मग बॅटरी ठेवायची वेळ येते.

हिशेब मांडूनच बघा. वीस लिटर पेट्रोल म्हणजे जेमतेम पंधरा किलो. त्यात साधारण १७५ युनिट ऊर्जा असते. हे युनिट आपल्या वीजबिलातलंच, एक किलोवॅट-तासाचं. इंजिन त्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत उधळतं, प्रोपेलरकडे ४४ युनिट पोचतात. मोटर काटकसरी, मिळालेल्या विजेतली नव्वद टक्के कामाला लावते. तरी बॅटरीत ४९ युनिट हवीतच. लिथियम बॅटरीचं खोकं, तारा आणि ती थंड ठेवायची सोय धरली तर किलोमागे १६० वॅट-तासांच्या आसपास पदरात पडतात. भागाकाराचं उत्तर येतं तीनशे किलो. दोन माणसांचं घरगुती विमान रिकामं असताना साधारण तेवढंच भरतं. थोडक्यात, एका विमानाने दुसरं विमान उरावर घेऊन उडायचं!

बॅटरी वाढवता येत नसेल तर भूक कमी करावी लागते. इंजिन बंद केलं तर विमान एक किलोमीटर उंचीवरून किती किलोमीटर पुढे तरंगत जाईल, हा आकडा इथे कळीचा. तो दहा असेल तर ३०० किलोच्या विमानाला हवेत पुढे रेटायला ३० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. ताशी १०८ किलोमीटर वेगाला त्यासाठी ९ किलोवॅट लागतात, आणि प्रोपेलर व मोटरमधली गळती धरून बॅटरीतून साडेबारा. आकडा वीस असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं. त्यात रसायनशास्त्राचं काहीच नाही, सगळी करामत लांब, निमुळत्या पंखांची.

म्हणूनच या विषयाची सुरुवात ग्लायडरवाल्यांनी, म्हणजे लांब पंखांवर इंजिनाविना तरंगणारी विमानं उडवणाऱ्यांनी केली. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात वेल्स इथे फ्रेड मिलिटकी यांनी विजेवर आणलेला एचबी-३ हा मोटर ग्लायडर हाइनो ब्रडिचका यांनी उडवला. निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर तो पाव तासाच्या आत खाली आला, पण माणसाला घेऊन विजेवर उडाला. पुढे लिथियम आलं. रँडल फिशमन यांनी जॉन मॉनेट यांच्या ‘मोनी’ या छोट्या मोटर ग्लायडरमध्ये १८ अश्वशक्तीची मोटर आणि फक्त ५.६ युनिटची बॅटरी बसवली आणि २००८ मध्ये ते विमान अमेरिकेत ऑशकोशला भरणाऱ्या हौशी विमानवाल्यांच्या मेळाव्यात आणलं. वरचं गणित या बॅटरीला लावून बघा: दहाच्या विमानात ती सत्तावीस मिनिटं पुरते, वीसच्या विमानात चोपन्न.

दुसरी वाट म्हणजे विमानच चिमुकलं करणं. मिशेल कोलोम्बां यांचं ‘क्रि-क्रि’ रिकामं असताना ऐंशी किलोच्या आतबाहेर, पंख टोकापासून टोकापर्यंत पाच मीटरसुद्धा नाहीत. जुलै २०१५ मध्ये ह्यूग द्युवाल यांनी विजेवरचं क्रि-क्रि इंग्लिश खाडीपार नेलं, एअरबस कंपनीच्या ‘ई-फॅन’ या विजेवरच्याच विमानाच्या काही तास आधी. मात्र ते जमिनीवरून स्वतः उठलं नव्हतं, दुसऱ्या विमानाच्या पाठीवर बसून वर गेलं आणि तिथून सुटलं. याला विक्रम म्हणायचं का, यावर वाद घालणारे घालोत. मला तरी त्यात लबाडी दिसत नाही. जमीन सोडून उंची गाठण्यातच बॅटरी सगळ्यात जास्त झिजते.

आपल्याकडे घरगुती विमान म्हटलं की चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान आठवतं. पण ते सहा आसनी, इंधनावरचं. तसल्या धुडाला या गणितात जागाच नाही.

कागदावर न दिसणाऱ्या अडचणी वेगळ्याच. पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड, त्यामुळे उतरतानाही चाकांवर पूर्ण भार. नाकातलं जड इंजिन गेल्याने तोल मागे सरकतो, म्हणून बॅटरीचे खण पुढे-मागे वाटून विमान पुन्हा काट्यावर चढवावं लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे टाकीतला शेवटचा लिटर पहिल्याइतकीच ताकद देतो, बॅटरीचे शेवटचे दहा टक्के देत नाहीत. जोर मागितला की व्होल्टेज बसतं. उतरता उतरता धावपट्टीवर कुत्रं आलं आणि पुन्हा वर जायचं ठरलं, तर नेमकी तेव्हाच पूर्ण ताकद लागते. अमेरिकेत दिवसा उडतानाही अर्ध्या तासाची ऊर्जा राखीव असावी असा नियम आहे. पन्नास मिनिटांच्या विमानात फिरायला उरली वीस.

मोटरसायकलींच्या शर्यतीतून आलेल्या चिप येट्स यांनी ही काटकसर बाजूला ठेवली. बर्ट रूटान यांच्या आराखड्यावरचं ‘लाँग-ईझी’ हे घरी बांधायचं विमान घेऊन त्यात त्यांनी अडीचशे अश्वशक्तीची मोटर घातली. जुलै २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात इन्योकर्नवर त्यांनी ताशी ३२६ किलोमीटर वेग गाठला. त्याच उड्डाणात एका सेलने दगा दिला आणि ताकद गेली. येट्स यांनी विमान मोटरशिवाय तरंगत आणून धावपट्टीवर उतरवलं.