गडचिरोलीचे नवजात बालमृत्यू संशोधन
गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत ‘सर्च’ संस्थेच्या अभय बंग, राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेले, मुख्यतः ‘द लॅन्सेट’, ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ आणि ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले संशोधन. यातील लेख सुटे वाचले तर त्यांचा अर्थ निसटतो. एका लेखात उरलेला प्रश्न पुढच्या लेखाचा विषय झालेला दिसतो.

१९८९ चा लेख स्त्रियांच्या आजारांविषयी आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. १९९० चा लेख बालकांच्या न्यूमोनियाचा. गावातच निदान व औषध मिळाल्यास मृत्यू घटतात हे त्यात दिसले. न्यूमोनिया ओळखायचा तो श्वास मोजून. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० ही मर्यादा. मोजणी पूर्ण मिनिटाची हवी, बाळ शांत हवे. रडताना वा पिताना केलेली मोजणी फसवते. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, म्हणून आकडा ६० च्या वर गेला तर पुन्हा मोजावे लागते. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नाही अशा दायांसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा.

१९९५-९६ मध्ये ३९ गावांत ७६३ नवजात बाळांचा पाठपुरावा झाला (प्रसिद्धी २००१). निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, बाळांना उपचाराची गरज होती. वैद्यकीय सेवा मिळाली २.६ टक्क्यांना. ४० बाळे दगावली.

सर्वाधिक चर्चा झाली ती १९९९ च्या ‘लॅन्सेट’ लेखाची. ३९ गावांत नवजात बाळांना घरीच सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के निव्वळ घट नोंदवली गेली. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही मर्यादा खरी आहे. दुसरा आक्षेप मोजणीचा असू शकतो : पहिल्या दिवशी दगावलेले बाळ ‘मेलेले जन्मले’ म्हणून नोंदले गेले, तर नवजात मृत्युदर कागदावरच उतरतो. परंतु मृतजन्म व पहिल्या आठवड्यातील मृत्यू एकत्र धरणारा दरही ७१ टक्क्यांनी घटला. त्यामुळे केवळ नोंदीच्या फेरफाराने ही घट समजावता येत नाही. सेप्सिसने (शरीरभर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाने) आजारी बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले, हा पुरावा अधिक थेट वाटतो.

उपचार गावातील प्रशिक्षित स्त्रीच करी : जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमॉक्साझोलचे पातळ औषध, ही दोन्ही प्रतिजैविके. पुढे, २००५ मध्ये, सेप्सिस ओळखण्यासाठी सात लक्षणे सुचवली गेली : दूध ओढणे कमी वा बंद, रडणे क्षीण वा बंद, हातपाय लुळे, उलटी वा पोटफुगी, बाळ गार लागते असे आईचे म्हणणे, छाती खोल आत ओढली जाणे आणि नाळेचा जंतुदोष. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी असली तर बाळ आजारी धरायचे. एकाच लक्षणावर धावले तर निष्कारण इंजेक्शने वाढतात. आईच्या शब्दाला येथे निदानात स्थान मिळाले, हे विशेष मोलाचे.

त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ने गडचिरोली प्रयोगावर पुरवणी अंक काढला. त्यात मृत्युघटीचे श्रेय वाटून दाखवले आहे : सेप्सिसवरील उपचार ३६ टक्के, कमी वजनाच्या (२,५०० ग्रॅमखालील) बाळांची ऊब, स्तनपान अशी काळजी ३४, जन्मतः गुदमरलेल्यांवरील उपचार १९, उर्वरित वाटा प्रतिबंध व इतर आजारांवरील उपचारांचा. श्वास देण्याच्या पद्धतींत तोंडाने, नळी-मास्कने आणि पिशवी-मास्कने अशी तुलनाही आहे.

२०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर घरभेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी. घरी झाल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते. मात्र इंजेक्शन आशाच्या हाती दिले गेले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक परिस्थितीत ती परवानगी एएनएमला (उपकेंद्रातील सहायक परिचारिकेला) दिली. श्रेयवाटपात सर्वांत मोठा वाटा असलेला उपचार गावातल्या कार्यकर्तीपासून असा एक पायरी दूर गेला.