केमिकल कारखान्याचा विमा : पॉलिसीतला कारखाना आणि प्रत्यक्षातला कारखाना

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी परिसरातील आमच्या उद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक वाचताना चार कागद हाताशी ठेवा : आगीच्या विम्याची पॉलिसी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, सॉल्व्हंट साठवत असाल तर पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवाना, आणि बँकेला गेल्या महिन्यात दिलेले स्टॉक स्टेटमेंट. या चारही कागदांवर एकाच कारखान्याचे वर्णन दिसले पाहिजे. आमच्या पाहण्यात अनेक ठिकाणी ते दिसत नाही. पॉलिसी काढली तेव्हा थिनर बनत होते, पुढे रेझिन सुरू झाले, शेजारचा गाळा भाड्याने घेऊन तिथे ड्रम ठेवले, संमतिपत्रात नवे उत्पादन वाढवून घेतले. पॉलिसी मात्र दरवर्षी मागच्याच मजकुरावर रिन्यू होत राहिली. आग लागली की नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर हेच चार कागद मागतो आणि त्यांचा मेळ बसला नाही, तर दावा तिथेच अडतो.

कायद्याने सक्तीचा विमा

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये वायू गळला. ज्यांचा त्या कारखान्याशी काही संबंध नव्हता, अशी हजारो माणसे गेली. भरपाईसाठी त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. त्या अनुभवातून पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट, 1991 आला. सरकारने अधिसूचित केलेली घातक रसायने ठरलेल्या प्रमाणात किंवा त्याहून जास्त हाताळणाऱ्या प्रत्येक मालकाने काम सुरू करण्याआधीच हा विमा घेतला पाहिजे.

‘आम्ही केमिकल बनवत नाही, फक्त वापरतो’ असे आम्हाला बऱ्याचदा ऐकायला मिळते. कायद्याच्या भाषेत हाताळणे म्हणजे बनवणे, साठवणे, वापरणे, पॅक करणे, विकायला ठेवणे आणि वाहनातून नेणेही. त्यामुळे प्लेटिंगचे शॉप असो, अमोनियावर चालणारे कोल्ड स्टोरेज असो किंवा ट्रेडरचे गोदाम, साठा अधिसूचित प्रमाणाला पोहोचला की हा कायदा लागू होतो.

या कायद्यात चूक कोणाची, हा प्रश्नच येत नाही. बाहेरचा माणूस दगावला, जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर मालकाचा दोष सिद्ध न करताच त्याला मदत मिळते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो आणि अपघातानंतर पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. ही तातडीची मदत आहे. त्याहून जास्त भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा त्या माणसाचा हक्क कायम राहतो. म्हणून साठा मोठा असेल, तर या सक्तीच्या पॉलिसीबरोबर वेगळी इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घ्या, असे आम्ही सांगतो.

पॉलिसीची रक्कम किमान भरणा झालेल्या भागभांडवलाइतकी असावी लागते. आपल्याकडची बहुतेक युनिट्स भागीदारीत किंवा एकाच मालकाची असतात. तिथे भागभांडवल म्हणजे करार होतो त्या दिवशीची सर्व मालमत्ता आणि साठा यांची बाजारभावाने किंमत. ही व्याख्या कायद्यातच आहे, त्यामुळे इथे अंदाजाने आकडा टाकू नका. प्रीमियमइतकीच आणखी रक्कम पर्यावरण मदत निधीसाठी भरावी लागते. कोटेशन पाहून ‘दुप्पट कसे?’ असा प्रश्न पडला, तर कारण हे आहे. 2023 च्या जन विश्वास कायद्याने या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी बदलून आर्थिक दंडावर भर दिला आहे. विमा नसणे त्यामुळे स्वस्तात सुटणारी गोष्ट झालेली नाही.

आगीचा विमा

एका ठिकाणची विमा रक्कम 5 कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, 5 ते 50 कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा, आणि त्यावर स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स. पहिल्या दोन पॉलिसी एप्रिल 2021 पासून आल्या आणि लहान कारखानदारासाठी त्या चांगल्या आहेत. अडचण येते ती आत काय लिहिले आहे यात.

सर्वांत आधी धंद्याचे वर्णन पाहा. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. विमा कंपन्यांच्या वर्गीकरणात 32 अंश सेल्सिअसखाली फ्लॅश पॉइंट असलेला माल वापरणारे केमिकल कारखाने वेगळ्या वर्गात मोडतात आणि त्यांचा दर जास्त असतो. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे 4 अंश आहे. नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीतही त्याची वाफ पेटते. तुमच्याकडे टोल्यूइन असेल आणि पॉलिसीवर ‘पाण्यावर आधारित पेंट’ असे लिहिले असेल, तर वाचलेला प्रीमियम तुम्हाला फार महागात पडेल.

याच टोल्यूइनसाठी पेट्रोलियम कायदाही लागू होतो. 23 अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला पेट्रोलियम माल ‘अ’ वर्गात येतो आणि विनापरवाना त्याची सूट फक्त 30 लिटरची आहे. ड्रम तर 200 लिटरचा असतो. म्हणजे एकच भरलेला ड्रम ठेवला तरी परवान्याचा प्रश्न उभा राहतो. परवान्यापेक्षा जास्त साठा असताना आग लागली, तर विमा कंपनी अटभंगाचा मुद्दा काढते आणि ते भांडण वर्षानुवर्षे चालते.

दुसरी गोष्ट रकमेची. बँक कर्जाएवढा विमा मागते आणि अनेक जण तेवढ्यावर थांबतात. समजा, इमारत, यंत्रे आणि माल मिळून मालमत्ता 4 कोटींची आहे आणि विमा 2 कोटींचा आहे. 40 लाखांचे नुकसान झाले, तर हातात 20 लाखच येतील, कारण निम्म्या जोखमीचे विमाकर्ते तुम्ही स्वतःच ठरता. सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ होते. त्यापलीकडे हाच हिशेब लागतो. यंत्रांची रक्कम घसारा वजा केलेल्या ताळेबंदावरून काढू नका. आज तोच रिॲक्टर नवा घ्यायला किती लागतील, ते धरा. मालाची रक्कम सिझनमधला सर्वाधिक साठा पाहून ठरवा.

तिसरी गोष्ट वगळलेल्या जोखमींची. स्टँडर्ड फायर पॉलिसीत माल आपोआप तापून पेटल्याने त्याचे स्वतःचे होणारे नुकसान मूळ संरक्षणात नसते, ते जादा प्रीमियम भरून जोडून घ्यावे लागते. बॉयलर स्वतःच्या स्फोटाने फुटला तर त्याच्या नुकसानीसाठी बॉयलर आणि प्रेशर प्लांटची वेगळी पॉलिसी लागते. कारखाना बंद राहिल्याने बुडालेला नफाही आगीच्या पॉलिसीत येत नाही. 1 जानेवारी 2023 रोजी इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या कारखान्यात लागलेली आग आपल्या सर्वांना आठवते. अशा आगीनंतर यंत्रे येऊन पुन्हा उत्पादन सुरू होईपर्यंत पगार, हप्ते आणि वीजबिलाचा स्थिर आकार चालूच राहतो. ज्यांचे एकच युनिट आहे त्यांनी लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसीचे कोटेशन तरी मागवावे, असा आमचा आग्रह आहे.

शेजारच्या गाळ्यातला, जॉबवर्कला दिलेला किंवा भाड्याच्या गोदामातला माल पॉलिसीवर तो पत्ता असेल तरच सुरक्षित आहे. प्लॉट नंबरसुद्धा तपासा.

द्राक्षपट्ट्यात माल विकणाऱ्यांसाठी

दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांसाठी कीडनाशके, बुरशीनाशके, संजीवके किंवा विद्राव्य खते बनवत असाल, तर हा भाग सावकाश वाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर एका फवारणीने बाग करपली, तर त्या शेतकऱ्याचे अख्खे वर्ष गेले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. यासाठी प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी असते.

तिच्या मर्यादाही समजून घ्या. सदोष बॅचमुळे पाने करपली, तर दावा पॉलिसीत बसू शकतो. औषध मारूनही भुरी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आटोक्यात आली नाही, या तक्रारीला मात्र बहुतेक पॉलिसींत संरक्षण नसते, कारण मालाने अपेक्षित काम न करणे वगळलेले असते. बाजारातून माल परत बोलावण्याचा खर्चही सहसा वेगळा घ्यावा लागतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. अशा वेळी निर्यातदार मागे वळून औषध कोणाचे होते ते शोधतो, म्हणून पॉलिसीत कोणत्या देशांतले दावे चालतील ते पाहा. माल कधीही विकलेला असो, दावा येतो तेव्हा ही पॉलिसी चालू असावी लागते. मध्ये एक वर्ष खंड पडला तर मागच्या तारखेपासूनचे संरक्षण निसटते. बॅच नोंदी आणि राखून ठेवलेले नमुने हाच तिथे तुमचा पुरावा असतो.

कामगार

वरच्या सक्तीच्या पॉलिसीत तुमचे कामगार येत नाहीत. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असलेले ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येतात. त्यावरचे आणि ईएसआयमध्ये नोंद न झालेले कंत्राटदाराचे कामगार मात्र अधांतरी राहतात. त्यांच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या आणि कंत्राटी माणसांचा आकडा खरा लिहा. टाकी साफ करायला उतरतो तो बहुतेक वेळा कंत्राटदाराचाच माणूस असतो. त्याच्या घरच्यांना ‘तो आमचा नव्हता’ हे उत्तर आपल्याकडून जाऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

नियमपालन आणि दावा

घातक रसायनांसाठीचे 1989 चे नियम, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची तपासणी, आपत्कालीन आराखडा, मॉक ड्रिल, घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद) यांचा विम्याशी थेट संबंध आहे. कायदेशीर अटी पाळणे आणि वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीची अट असते. सॉल्व्हंट ओतताना ड्रमला अर्थिंग होते का, फायर एक्स्टिंग्विशर कधी भरले, मॉक ड्रिलला कोण हजर होते, याची तारखेसह नोंद असेल तर सर्व्हेअरचे अर्धे प्रश्न मिटतात. ही नोंदवही आणि स्टॉक रजिस्टरची प्रत कारखान्याबाहेर, घरी किंवा क्लाउडवर ठेवा. आगीत सर्वांत आधी ऑफिसचे कागद जळतात.

अपघात झाल्यास माणसे आणि अग्निशमन दल आधी. त्यानंतर लगेच विमा कंपनीला लेखी कळवा, फोटो काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत मलबा हलवू नका. प्रीमियम कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याचे कलम 64 व्हीबी आहे. शेवटच्या दिवशीचा चेक परत गेला तर संरक्षण राहत नाही.

रिन्यूअलला दीड महिना असताना आम्हाला कळवा. वरचे चार कागद, वापरातल्या सर्व रसायनांची सुरक्षा माहितीपत्रके आणि गेल्या वर्षभरातला सर्वाधिक साठ्याचा आकडा तयार ठेवा. आम्ही कारखान्यात येऊन गोदामापासून बॉयलरपर्यंत फिरून पाहतो आणि मगच प्रपोजल फॉर्म भरतो. त्या वेळी प्लांट सांभाळणारा सुपरवायझर हजर असेल, तर फार मदत होते.